वाघरवाले सर

मला लिहिता येत नाही, आणि सरांबद्दल लिहिण्याचा हक्क तर मी स्वतःच गमावला आहे. तरी लिहितो, माफ करा.

संगणकाबद्दल बोलताना सर मेंढरांबद्दल बोलत. घर बोरीकडचं, मेंढपाळांचं. रानात मेंढरं कोंडायला जाळीची वाघर लावतात, ती त्यांच्या तोंडी कायम असे, म्हणून आम्ही त्यांना वाघरवाले सर म्हणायचो. कॉलेजच्या लॅबमध्ये ते तासिकेवर होते. लॅबमध्ये जुने बारा संगणक, लिनक्सवर चालणारे. दोन वर्गांना एकाच ड्रॉइंग सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या लागत आणि त्या एकत्र नांदत नसत. सरांनी दोघींना वेगवेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे त्याच संगणकातल्या हलक्या, तात्पुरत्या कप्प्यांत ठेवलं. सॉफ्टवेअरची खिडकी मात्र नेहमीच्याच पडद्यावर उघडे.

"आख्खी दुसरी सिस्टीम बसवणं म्हंजे दगडी कोठा बांधणं," ते म्हणत. "ही मशिनं म्हातारी हायत, पेलणार न्हाईत. वाघर हलकी. लावली, काम झालं, गुंडाळली. जमीन हाय तशी."

पहिल्याच आठवड्यात मी माझी फाईल कंटेनरच्या आतच ठेवली. सरांनी संध्याकाळी तो पुसला, फाईलही गेली. मी रडकुंडीला आलो. "काय गड्या, वाघरीत ट्रंक ठिवून गेलास व्हय?" सर हसले आणि शेजारी बसून सगळं पुन्हा करून घेतलं. मग प्रत्येक संगणकावर कागद चिकटवला: 'फाईल बाहेरच्या फोल्डरमध्येच ठेवा.'

विभागप्रमुखांनी त्यांचा अहवाल तसाच आत ठेवला. सरांनी माझ्यासमोर दोनदा सांगितलं, "साहेब, हितं ठेवू नका, पुसलं जाईल."

"तुमी मला शिकवायलात?" साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अहवाल नव्हता. चौकशी लागली. त्याआधीच सगळ्या संगणकांवरचे कागद कुणीतरी खरवडून काढले होते. कुणी, ते लॅबमधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मला बोलावलं. साहेब समोरच बसले होते. अंतर्गत गुण त्यांच्या हातात. चौकशीवाल्यांनी विचारलं, "सरांनी आधी सांगितलं होतं का?" मी फरशीकडं बघत राहिलो. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, असं कारण मी स्वतःला देतो. त्या कारणाची मला किळस येते.

सरांना काढलं. जाताना म्हणाले, "पेपर नीट दे." त्यांनी एक शिवी तरी द्यायची होती. साहेबांना नाही तर मला. त्यांच्या त्या समजूतदारपणाचाही मला संताप येतो.

काल सरांचा पुतण्या भेटला. दुसऱ्या एका कॉलेजनं सरांना घ्यायचं ठरवलं होतं, पण आधी आमच्या कॉलेजला विचारलं. उत्तर गेलं: 'सूचना दिल्याचा पुरावा नाही. हजर विद्यार्थ्यानेही तसे सांगितलेले नाही.' त्या कॉलेजनं सरांना नकार कळवला.