तमोबाची उत्तरपूजा

चांगदेव भोईर मला पहिल्यांदा दिसला तो राहनाळच्या बाजारात, सुक्या बोंबलांचा भाव करताना. त्याच्या कपाळावर, गालांवर आणि हनुवटीवर झाडाची साल चिकटवलेली होती आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना रानडुकराचे कान होते. मासळीवाली त्याच्याकडे न बघताच म्हणत होती, "घ्यायचा तर घे, न्हायतर बाजूला हो. मागं गिऱ्हाईक हाय."

मी बघतेय हे लक्षात आल्यावर तो ओशाळला. "बाई, नाटकाची तालीम हाय. साल निघत न्हाय. पंक्चरचं सोल्युशन लावलंय."

शाळेतून निवृत्त होऊन मला तेव्हा वर्ष झालं होतं. गावातल्या भाऊ तऱ्यांनी जमीन गोदामांना दिली, हातात वेळ आला, आणि त्या वेळात त्यांनी चैत्रातल्या जत्रेसाठी नाटक लिहिलं. त्यात एक घनदाट अरण्य होतं, त्या अरण्यात तमोबा नावाचा काळोखाचा देव होता, आणि त्याची सेवा करणारी रानखुंटे नावाची जमात होती. रानखुंटे पूर्वी साधे लाकूडतोडे होते. तमोबाची सावली पडली आणि त्यांची कातडी सालीसारखी झाली, कान डुकराचे झाले, पावलं उलटी फिरली. शेवटच्या अंकात राजकुमार गदेने तमोबाची मूर्ती फोडतो आणि रानखुंटे जागच्या जागी मरतात. राजकुमार अर्थात भाऊंचा मुलगा भावेश. रानखुंट्यांचा म्होरक्या चांगदेव. विंगेत उभं राहून विसरलेली वाक्यं सांगायचं काम माझ्याकडे आलं.

चांगदेव टेम्पो चालवायचा. निजामपुऱ्यातल्या सिराजशेठच्या लूमवरून कापडाचे तागे उचलायचे आणि गोदामात टाकायचे. रानखुंट्यांच्या जटा त्याच लूमच्या वाया गेलेल्या सुताच्या होत्या. सूत देताना शेठने विचारलं होतं, "इस बार क्या बना है?"

"शेठ, राक्षसाचा नोकर."

"तनखा कितनी देता है?"

"कायपण न्हाय."

"फिर हमारे यहाँ ही ठीक है. कम से कम चाय तो मिलती है."

बाकीचे तीन रानखुंटे तालमीत तमोबाला टेकून तंबाखू मळायचे. चांगदेव मात्र रंगमंचावर चढताना चपला काढायचा आणि तमोबाकडे कधी पाठ करायचा नाही. भाऊंनी हसून विचारलं, तेव्हा म्हणाला, "नाटकातला असला तरी मालक तो मालक." मूर्तीही त्यानेच बांधली होती. बांबू, गोणपाट, थर्माकोल, वर काळा रंग. डोळ्यांच्या जागी स्वतःच्या टेम्पोचे मागचे लाल दिवे बसवून त्याने ते बॅटरीला जोडले होते.

प्रयोगाच्या दिवशी दिवेलागणीला रंगमंचाची पूजा करायची होती, तर नटराजाची तसबीर घरीच राहिलेली. माणसं येऊन बसली होती. भाऊ म्हणाले, "समोर देव उभा हाय ना? त्यालाच नारल फोडा." तमोबाला हळदकुंकू लागलं, हार पडला, नारळ फुटला. पडदा वर गेला.

पहिला अंक संपल्यावर चांगदेव विंगेत आला. सालीखालीसुद्धा त्याचा चेहरा उतरलेला कळत होता.

"बाई, घोळ झाला. देवाला नारल फोडला. आता देव कसा फोडायचा?"

हसू माझ्या ओठांपर्यंत आलं होतं, पण मग आठवलं. त्याची मुलगी मृणाली बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. याआधी दोनदा तिचं अर्ध्यावर गेलं होतं. पोटुशी असताना फोडणं-चिरणं वाईट, म्हणून या खेपेला घरात कोणी भोपळासुद्धा चिरत नव्हतं.

भाऊ तिथेच होते. "अरे, थर्माकोल हाय तो!"

"मंग आपला गणपती कशाचा असतो, भाऊ? मातीचाच ना?"

भाऊंनी आधी मूर्तीकडे, मग घड्याळाकडे बघितलं. शेवटी म्हणाले, "तुला कोणी फोडायला सांगितलंय? तू फक्त मर. बाकीचं भावेश बघेल."

शेवटचा अंक आला. भावेशने गदा उचलली. तीन रानखुंटे घाईघाईने आधीच मरून पडले. चांगदेव मात्र तमोबाच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

मी विंगेतून कुजबुजले, "मर, चांगदेव, मर!"

त्याने हात जोडले. "राजकुमार, आधी आमच्या देवाची उत्तरपूजा करा. तवर आमी मरत न्हाय."

मेलेले तिघे उठून बसले. समोरून एक म्हातारी ओरडली, "बरोबर बोलतोय त्यो! नारल फोडताना मी बघितलाय!" भावेश मागे सरकत विंगेपाशी आला. "बाई, पुढचं वाक्य काय?"

पुढचं वाक्य भाऊंनी लिहिलेलंच नव्हतं. मी म्हटलं, "मुकुट काढ आणि पाटावर बस."

प्रेक्षकांतून देवळाचा विठू गुरव तबक घेऊन वर आला. राजकुमाराने तमोबाला अक्षता वाहिल्या. मूर्ती जागेवरून जराशी हलवली. कोणीतरी सवयीने आरती सुरू केली, तशी सगळी जत्रा उभी राहिली. तमोबा लाल डोळ्यांनी ऐकत होता. आरती संपल्यावर भावेशने पुन्हा गदेला हात घातला, तर मंडपातून एकच आवाज आला, "ए, ठेव ती खाली! आता विसर्जन!"

चार रानखुंट्यांनी देव खांद्यावर घेतला. बँजोवाले होतेच. खाडीपर्यंत मिरवणूक गेली. एक जण "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणाला, त्याला तिघांनी दाबून गप्प केलं. पाण्यात सोडण्याआधी चांगदेवने तमोबाच्या पाया पडून त्याचे डोळे काढून घेतले. सकाळी टेम्पो काढायचा होता.

भाऊ मंडपात एकटेच खुर्चीवर बसून होते. मला म्हणाले, "बाई, काळोखाचा देव मारायला एवढं लिहिलं. मारायच्या ऐवजी मानपान करून पाठवला त्याला."

त्याच आठवड्यात मृणालीला भिवंडीच्या दवाखान्यात नेलं. मी भेटायला गेले तेव्हा चांगदेव बाहेर बाकावर बसला होता. हनुवटीवर अजून सालीचा एक तुकडा होता. नर्सने मुलगी झाल्याचं आणि दोघी सुखरूप असल्याचं सांगितलं, तेव्हा तो उठला, पुन्हा बसला, आणि मग त्याने मलाच विचारलं, "बाई, पेढे कुठं चांगले मिलतात?"

भाऊंनी पेढा घेतला, नीट खाल्ला, आणि म्हणाले, "पुढच्या नाटकात देव ठेवतच न्हाय."

त्याला आता चार वर्षं झाली. जावयाला राहनाळच्याच गोदामात काम लागलं, म्हणून मृणाली दोन घरं सोडून राहते. तिची ती मुलगी, पूर्वी, आता बालवाडीत जाते, आणि चांगदेव तिला शाळेत पोचवल्याशिवाय टेम्पोची पहिली फेरी करत नाही.