तिसऱ्या टेम्पोचं अ‍ॅव्हरेज

मंडईजवळ आमचा हॉटेलांना आणि कँटीनना भाजी पुरवायचा धंदा होता. लग्नानंतर वर्षभरात सासऱ्यांनी डिझेलचं काम माझ्याकडे दिलं. तीन टेम्पो होते. दर सोमवारी टाकी फुल करायची, आठवड्यात गाडी किती किलोमीटर धावली ते पाहायचं आणि त्याला भरलेल्या लिटरने भागायचं. डिझेल सारखं महाग होत होतं, गिऱ्हाइकं भाव वाढवू देत नव्हती. त्यामुळे या भागाकाराकडे घरात सगळ्यांचं लक्ष असे.

तिन्ही टेम्पो लिटरला तेरा किलोमीटर देत. एका सोमवारी तिसरा बारावर आला. पुढच्या सोमवारी अकरा, आणि त्यानंतर दहाच्याही खाली. मी दोनदा भागून पाहिलं आणि सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून एवढंच विचारलं, "डिझेल गाडी पिते की माणूस?"

तो टेम्पो चालवणारे ड्रायव्हर पन्नाशीचे, शहरात सामावलेल्या एका गावातले, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून कामाला. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. शनिवारी त्यांना कामावरून काढायचं, असं सासऱ्यांनी ठरवलं. आकडे माझे, म्हणून सांगायचं कामही माझ्यावर आलं. मी सांगितलं तेव्हा मामा टेम्पोत कोबीची पोती चढवत होते. हातातलं पोतं त्यांनी खाली ठेवलं.

"वहिनी, एक दिवस माझ्यासंगं बसा. मग काय ते ठरवा."

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर टाकी फुल झाली आणि मी त्यांच्या शेजारी बसले. मामा कुठे थांबतात, कोणाला हात करतात, यावर माझी नजर. ते कुठेही थांबले नाहीत. मोठ्या सिग्नलला इंजिन बंद करत होते, गाडी दामटत नव्हते. अशी पाळत ठेवायची मला लाज वाटत होती; पण त्यांनी कुठेतरी चुकावं असंही आतून वाटत होतं, हे आज कबूल करते. ते चुकले नाहीत तर चूक माझी ठरणार होती.

बंडगार्डनचा पूल ओलांडून येरवड्यात शिरलो. एका छोट्या उतारावर मामांनी गाडी न्यूट्रल केली. ती आपोआप पुढे घरंगळायला हवी होती. पण कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी ती मंदावली आणि थांबली. मागे हॉर्न सुरू झाले. जळका वास केबिनमध्ये आला. मामांनी गाडी कडेला घेतली आणि मला मागच्या चाकाशी नेलं.

"हात जवळ न्या. लावू नका, भाजंल."

हात वीतभर लांब होता तरी धग लागली. मग मला आठवलं. महिन्यापूर्वी मामा म्हणाले होते, ब्रेक चिकटतोय, गाडी गॅरेजला लावू. मी वर न पाहताच म्हटलं होतं, पुढच्या सर्व्हिसिंगला बघू. गाडी एक दिवस उभी राहिली असती तर भाड्याची घ्यावी लागली असती, तो खर्च मला वाचवायचा होता.

"काल का नाही बोललात?" मी विचारलं.

"आधी बोललो हुतोच की. चोर ठरल्यावर माझं कोण ऐकणार?" ते म्हणाले. "त्ये ऱ्हाऊ द्या. ह्याच ब्रेकवर मी रोज दोन शाळांवरनं जातो."

भाजी उतरवून आम्ही तडक गॅरेज गाठलं. मेकॅनिकने चाक उघडलं तर आतले ब्रेकचे लायनर काळेठिक्कर पडलेले. आणखी थोडे दिवस गेले असते तर ऐन वेळी ब्रेक लागलाच नसता, असं तो म्हणाला.

दुकानात परतल्यावर मामांसमोरच मी सासऱ्यांना सगळं सांगितलं.

"मग आता दोघांतल्या कोणाला काढू?" त्यांनी मला विचारलं. मग उठून मामांपुढे उभे राहिले. "चुकलं आमचं."

हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले. मामा किल्ली खिळ्याला अडकवून घरी गेले, आणि दोन दिवस आले नाहीत. सासऱ्यांनी त्यांच्या जागी दुसरा माणूस बघायला मला मना केलं. ते दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा आले. मी दारातच होते.

"गाडीचं सांगितलं की त्याच दिवशी करायचं. जमत आसंल तर बोला."

मी हो म्हटलं. त्यांनी किल्ली उचलली.

दुरुस्तीनंतर आठवडाभर गाडी धावली आणि आकडा साडेबारावर आला. मी तो मामांना सांगायला गेले. ते ताडपत्री बांधत होते. त्यांनी माझ्याकडे न बघता मान हलवली आणि दोरीला आणखी एक गाठ मारली.