एक अक्षर जास्त

पोलीस खात्यातली बरीच प्रकरणं आता आठवणीत एकमेकांत मिसळली आहेत. मुळशीतलं हे एक मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं.

मंदीचे दिवस होते. एका दुपारी कासार आंबोलीतल्या एका बंगल्याचा माळी ठाण्यात आला. सोबत जवळच्या जांबे गावात भाड्यानं राहणारी, लातूरकडची एक मुलगी होती. तिची नोकरी नुकतीच गेली होती. दुसऱ्या दिवशी त्या बंगल्यावर एका नामांकित कंपनीच्या मुलाखती होत्या. मूळ प्रमाणपत्रं आणायला सांगितलं होतं. ती त्या दिवशी नुसती जागा बघायला गेली, तर माळ्यानं हट्टानं तिला आमच्याकडे आणलं.

"साहेब, ह्या लोकांनी बंगला आठ दिसांसाठी घेतलाय," तो म्हणाला. "कंपनीची पाटी काल सुतळीनं बांधली. कंपनी कुटं अशी असती व्हय?"

मुलगी वैतागली होती. कंपन्यांची मेल व्यवस्था सांभाळणं हेच तिचं काम, आणि हा मेल तिनं स्वतः तपासला होता. ठाण्यातल्या संगणकावर तिनं मेलमधला एरवी न दिसणारा मजकूर उघडून दाखवला. मेल कुठून निघाला, कोणकोणत्या सर्व्हरवरून आला, पाठवणाऱ्याची डिजिटल सही त्याच्या पत्त्याशी जुळते का, सगळं वेळेनिशी नोंदलेलं. मी थक्क झालो. इतका चोख पंचनामा मी नोकरीत पाहिला नव्हता, आणि तो प्रत्येक मेलचा आपोआप होत होता. सही जुळत होती. म्हणूनच तो स्पॅममध्ये न जाता थेट इनबॉक्समध्ये आला होता.

पंचनाम्यातलं नाव मी नेहमी मोठ्यानं वाचून घेत असे. त्या सवयीनं तिला पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर अक्षर वाचायला सांगितला. वाचता वाचता ती थांबली. कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त होतं.

दुसऱ्या दिवशी साध्या वेशात आम्ही उमेदवारांच्या रांगेत उभे राहिलो आणि प्रमाणपत्रं गोळा करणाऱ्याला पंचांसमक्ष ताब्यात घेतलं. चौकशीत तो अगदी शांत होता.

"मी कुणाची सही चोरली, साहेब? पत्त्यातलं नाव मी नोंदवलंय, सर्व्हर माझा, सही माझी."

ते खरंच होतं. पण त्याच्या लॅपटॉपवर आणखी कंपन्यांची अशीच एकेक अक्षर वाढवून नोंदवलेली नावं सापडली. ती यादी समोर ठेवल्यावर तो बोलू लागला. या मुलांच्या पदव्यांवर तो भलत्यांनाच नोकऱ्या लावून देणार होता.

जबाबावर सही करताना ती मुलगी हळूच म्हणाली, "सर, माझी तपासणी चुकली नव्हती."

"नाही चुकली," मी म्हणालो. "सही त्याचीच होती."

पाठवणारा कोण, एवढंच ती व्यवस्था सांगत होती आणि खरं सांगत होती. तो कसा आहे, हे त्या व्यवस्थेला कुणी विचारलंच नव्हतं. तोवर संशयिताची ओळख पटली की निम्मं काम झालं असं मी मानायचो. त्यानंतर मात्र ओळख पटली की तिथून मी खरी चौकशी सुरू करायचो.