घनतेची बाटली

आमच्या कारखान्याच्या लॅबमध्ये घनता मोजायचं मशीन आलं, म्हणून परवा जुन्या काचेच्या बाटल्या खोक्यात भरत होते, तर अंगठ्याएवढी एक हातात आली. आठवीत शाळा सोडून नांदेडहून चाकणला आलेल्या मला, लॅबची भांडी धुवायच्या कामावर असताना, तिथल्या मॅडमनी घनता मोजायला शिकवलं होतं. बाटली थिनरनं, म्हणजे रंग पातळ करायच्या द्रवानं, काठोकाठ भरायची, भोकाचं झाकण लावायचं, पुसून वजन करायचं. "मानेलाच धर गं, मुठीत नको. हाताच्या उबेनं थिनर फुगतं, भोकातून बाहेर येतं, वजन कमी भरतं," असं त्या रोज बजावायच्या. एकदा त्या रजेवर असताना घाईत मी बाटली मुठीत धरली आणि झाकणावर येणारे थेंब पुसत राहिले. घनता कमी आली. मॅनेजरनी थिनर मिसळणाऱ्या ऑपरेटरला माझ्यासमोरच झापलं, "माप चुकवलंस, उद्यापासून येऊ नको!" तो म्हणत राहिला, "साहेब, पोरांची शप्पथ, माप बरोबर हाय." माझी चूक मला तेव्हाच कळली होती, पण काम जाईल या भीतीनं मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आल्या, नमुना म्हणून राखून ठेवलेलं थिनर त्यांनी पुन्हा मोजलं, ते बरोबर निघालं. "काल बाटली कशी धरलीस?" त्यांनी विचारलं. "मानेला," मी म्हणाले. त्यांनी विश्वास ठेवला, काट्यातच दोष असेल म्हणून वजनकाटा दुरुस्तीला पाठवला आणि ऑपरेटरला परत बोलावून घेतलं. दुपारी तो माझ्यासाठी कँटीनमधून चहा घेऊन आला. "ताई, तुमच्या लॅबनं वाचवलं बघा." मी तो चहा प्याले. आजही गेटवर दिसला की तोच आधी नमस्कार करतो, आणि खरं न सांगताच मीही हात जोडून पुढे जाते.