आकाशाचं तापमान

नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी उष्णतेचं संक्रमण हा विषय शिकवते. त्यात एक सूत्र येतं आणि त्या सूत्रात ‘आकाशाचं तापमान’ अशी एक राशी असते. मुलं तिथे आकडा घालतात, उत्तर काढतात, उत्तराला चौकट करतात आणि पुढच्या गणिताकडे वळतात. आकाशाला तापमान असतं याचं नवल वाटून एखाद्याने मान वर केली आहे, असं मी कधी पाहिलं नव्हतं. याचा मला भयंकर राग यायचा. तो मी वर्गात काढायचेही, आणि मुलं तोही उतरवून घ्यायची.

एका हिवाळ्यात थंडी अचानक वाढली आणि तिसऱ्या वर्षाची एक मुलगी सुट्टी मागायला आली. शेवटच्या बाकावरची. आपल्या बोलण्याला कुणी हसेल म्हणून वर्गात कधी तोंड न उघडणारी. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे त्यांची द्राक्षबाग. मण्यांत गोडी भरत आली होती आणि अशा थंडीत मणी तडकले की वर्षभराची मेहनत गेली. म्हणून घरचे सगळे पहाटे बागेत शेकोट्या पेटवत होते आणि तिथे हात कमी पडत होते. शेकोटीने नेमकं काय होतं, असं मी विचारलं. धूर वर जाऊन अडतो एवढंच ती म्हणाली. त्याच आठवड्यात मी नेमकं हेच शिकवणार होते. मी म्हटलं, तू वर्गात येऊ नकोस, वर्गच तुझ्याकडे येईल.

ऑफिसात औद्योगिक भेटीच्या अर्जावर कंपनीचं नाव काय लिहायचं यावर बराच खल झाला. शेवटी मी ‘द्राक्षबाग’ असं लिहून दिलं आणि कुणी काही विचारायच्या आत सही घेतली.

कॉलेजची बस पोचली तेव्हा तांबडं फुटायला अवकाश होता. वाऱ्याची झुळूकही नव्हती. आभाळ लख्ख, चांदण्या अगदी माथ्यावर. मुलीच्या वडिलांनी छाटणीच्या काड्यांचे आणि ओलसर भुशाचे छोटे छोटे ढीग सरींच्या टोकाला लावून ठेवले होते. खालच्या अंगाला, नाल्याकडे, त्यांनी आमच्या मुलांना नेमलं आणि ते पाण्याची मोटर चालू करायला गेले.

मुलं काकडली होती, आणि शेकोटी म्हटलं की त्यांना गॅदरिंग आठवतं. त्यांनी ढीग एकत्र ओढले आणि एकच दणदणीत जाळ केला. जास्त उष्णता म्हणजे जास्त बचाव, असा माझ्या विद्यार्थ्यांना शोभणारा सरळ हिशेब. एकाने तर गाणंही सुरू केलं. तेवढ्यात ती मुलगी फावडं घेऊन धावत आली आणि जाळ फोडायला लागली. मग तिने वर बोट दाखवलं.

बाकीच्या बागेत घरच्यांनी पेटवलेल्या लहान शेकोट्यांचा धूर विजेच्या खांबाएवढा वर जात होता आणि तिथे थांबून आडवा पसरत होता, घराला माळवद घालावं तसा. सगळ्या बागेवर ते छत होतं. फक्त आमच्या जाळाचा धूर ते फोडून सरळ वर चालला होता. आणि माझ्या घोट्यांना नाल्याकडून येणारी गार हवा लागत होती.

“वरची हवा गरम हाय,” ती म्हणाली. “धूर तिथं अडतो, ऊब बी तिथंच अडती. मोठा जाळ त्याला भोक पाडतो अन् नाल्यातली थंडी आत वढतो. बारक्या पेटवा, पन लय पेटवा.”

तिच्या बोलण्याला कुणी हसलं नाही. वरच्या गरम हवेच्या थराची ही आकृती मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले होते, दोन रेघा आणि एक बाण. ती खरी असते हे मला त्या पहाटे कळलं.

मुलांनी ढीग पुन्हा वेगळे केले. वडील परत आले. ही ऊब जाते तरी कुठे, असं त्यांनी लेकीला विचारलं. ती म्हणाली, जमिनीतून निघते ती सरळ वर, चांदण्यांच्याही पल्याड. आज ढग असते तर त्यांनी अडवली असती. एरवी द्राक्षवाल्याला ढगासारखा वैरी नाही. ढग आले की रोग आला. वडिलांनी वर बघितलं.

“जल्मभर ढगास्नी शिव्या दिल्या मी,” ते म्हणाले.

तेव्हा माझा सगळा वर्ग माना वर करून उभा होता. जे आम्ही सूत्रात लिहितो ते हेच का, असं गाणं म्हणणाऱ्या मुलाने मला हळूच विचारलं. मी मान डोलावली. एवढं मोठं उघडं आभाळ, आणि त्याच्याखाली ओंजळभर विस्तवांवर राखून धरलेली बाग.

ऊन आल्यावर आम्ही परतलो. थंडी ओसरल्यावर ती मुलगी वर्गात आली, हातात द्राक्षांचा क्रेट घेऊन. बाग वाचली होती. नाल्याकडच्या सरींमधले मणी तेवढे तडकले. ते आमच्या जाळामुळे की तिथे मुळातच गारठा जास्त म्हणून, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. वडिलांनी निरोप दिला होता की तडकले तरी गोड आहेत, पोरांनी आमच्यासाठी थंडी सोसली, त्यांना खाऊ द्या.

क्रेट माझ्या टेबलावर ठेवून मी तेच सूत्र पुन्हा फळ्यावर लिहिलं. आकाशाच्या तापमानापाशी आल्यावर सगळी पेनं थांबली. गाणं म्हणणारा मुलगा एक मणी हातात धरून त्याची चीर बघत होता.

“मॅडम,” तो म्हणाला, “इथे आकडा चुकला तर कोणाचं काय जातं, ते आधी सांगा.”