एकदा यवतमाळ, नागपूर नाही

आमच्याकडे गंभीर बोलणं पेशंटला ऐकू देत नाहीत. तपासणी झाली की पेशंटला बाहेर बाकावर बसवायचं आणि घरच्या कर्त्या माणसाने आत थांबायचं. आर्णीत आमच्या डॉक्टरांकडे आम्ही सव्वीस वर्षं जातो. वडिलांच्या वेळी असंच झालं होतं. आईच्या वेळीही मी तेच धरून चाललो होतो.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. हृदयाचं पंपिंग पंचवीस टक्के. सात महिन्यांत दोनदा छातीत पाणी झालं आणि दोन्ही वेळा मी तिला नागपूरला नेलं. दुसऱ्या वेळी घशात नळी घालून दोन दिवस मशीनवर ठेवली होती. घरी मी रोज सकाळी तिचं वजन करायचो, प्यायचं पाणी सव्वा लिटरच्या आत ठेवायचो आणि सगळं वहीत लिहायचो. तिला मात्र आम्ही तिघा भावंडांनी 'थोडी कमजोरी आहे' एवढंच सांगितलं होतं.

त्या दिवशी तपासून झाल्यावर मी सवयीने म्हणालो, "आई, जरा बाहेर बस."

डॉक्टर म्हणाले, "मावशी इथंच बसतील. भाऊ, तुम्ही बसा बाहेर."

"मी?"

"हो. वही ठेवून जा पाहिजे तर."

आई हसली. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमाले काय होते जी?"

"मले काही नाही. पेशंट आत आहे."

"मंग तुमी काहून बाहेर?"

मी भिंतीवरचं घड्याळ पाहू लागलो. बावीस मिनिटं गेली. डॉक्टर खरं सांगतील, आई आजच हाय खाईल, आणि मग मी त्यांच्याशी भांडेन, असं सगळं मी ठरवून ठेवलं. आत बोलावलं तेव्हा आई बशीतून चहा पीत होती. तो चहा मी मनातल्या मनात शंभर मिली धरला.

"सांगा मावशी, मला सांगितलं तसं," डॉक्टर म्हणाले.

"मले माहीत हाये बाबू, माह्यं दिल थकलं," आई म्हणाली. "तुमी फोन आला का अंगणात पयता, तवाच समजलं. आता आयक. नागपूरले नेऊ नको. ते नळी नको. मले बोलता येत नव्हतं, पानी मांगता येत नव्हतं, अन् तू काचेमांगून मशीनचे आकडे लिहून राह्यला होता. यवतमाळले एकदा नेऊन पाह्य. सुई चालते, ऑक्सिजन चालते. त्यानं नाही झालं तं घरी आन. अन् मले बोलता नाही आलं, तं धाकटी ठरवन."

"मी काहून नाही?"

"तू सोडनार नाहीस बापा. मी मेली तरी वजन करशीन."

डॉक्टर मोठ्याने हसले. मला हसता आलं नाही. त्यांनी सगळं आईच्या फायलीत लिहिलं, एक प्रत मला दिली. कायद्याचा कागद करायचा तर दोन साक्षीदार आणि नोटरी लागते, ते नंतर करू म्हणाले. "आणि मावशी, मन बदललं तर कागद बदलायचा. केव्हाही."

ऑटोत मला वाईटच वाटत होतं. रोज वजन करणारा मी आणि ठरवणार धाकटी बहीण. पण आईने पहिल्यांदा विचारलं, "पंचवीस टक्के म्हंजे किती रे?" मी खरं सांगितलं.

"म्हंजे चार आने," ती म्हणाली. "चार आन्यात लय येत होतं आमच्या वक्ती."

दीड महिन्याने एका सकाळी वजन दोन दिवसांत दोन किलो वाढलेलं निघालं. पाय सुजले, श्वास पुरेना. मी बाभुळगावला धाकट्या बहिणीला फोन लावला. "तू सांग, काय करू?"

"आई बोलते ना दादा?"

"बोलते."

"मग मले काहून विचारतो? तिले विचार!"

विचारलं. आई तुटक तुटक म्हणाली, "यवतमाळ. एकदा म्हनलं होतं ना."

यवतमाळच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी सांगितलं, रात्रीपर्यंत पाणी उतरलं नाही तर नळी घालून नागपूरला पाठवावं लागेल. 'पाठवा' हा शब्द माझ्या तोंडाशी आला होता. बहीण तोवर पोचली होती. तिने माझ्या खिशाकडे पाहिलं. मी खिशातला कागद काढून डॉक्टरांना दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, आईजवळ जाऊन तिलाही विचारलं, आणि म्हणाले, "ठीक आहे. सुया आणि ऑक्सिजनवर करता येईल तेवढं करतो."

दुपारपासून पाणी उतरू लागलं. पाचव्या दिवशी आई घरी आली, तीन किलोने हलकी होऊन.

आठवड्याने आर्णीच्या डॉक्टरांकडे गेलो. तपासणी झाल्यावर कोणीच कोणाला बाहेर बसवलं नाही. आईनेच विषय काढला.

"डाक्टर, ते एकदा संपलं. दोनदा लिहा."

"आणि नागपूर?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही म्हनलं ना."

डॉक्टरांनी 'एकदा' खोडून 'दोनदा' लिहिलं, सही केली आणि तिला वाचून दाखवलं. "लिहितोच आहे, तर तीनदा लिहू का मावशी?"

"पयले हे तं वापरू द्या," आई म्हणाली.