न फुगलेला वडा

सुभद्राकाकींचे मालवणी वडे सगळे एका जाडीचे. वरळीच्या बीडीडी चाळीत, आमच्याच मजल्यावरच्या खोलीत त्या वडे-कोंबडीच्या ऑर्डरी घेतात. शाळेत मास्तरांनी मारून उजव्या हातानं लिहायला शिकवलं, पण वडे थापायचं काम डाव्या तळव्याकडेच राहिलं.

हे हात एकदा गेले होते. काही वर्षांपूर्वी साध्या पोटाच्या दुखण्यानंतर तळपायांना मुंग्या आल्या, मग पाय लुळे पडले, मग हात. डॉक्टर जीबीएस म्हणाले. शरीराची संरक्षण यंत्रणाच नसांवर उलटली होती. त्या बऱ्या होईपर्यंत जयवंतकाका त्यांना पाठीवर घेऊन मजल्याच्या टोकाच्या संडासापर्यंत नेत. काकींना बरं वाटलं, काकांची पाठ मात्र कायमची गेली.

म्हणून २०२१ मध्ये चाळ लशीसाठी रांगा लावत होती, तेव्हा या खोलीचं दार बंद राहिलं. मुलगी अपेक्षा डोंबिवलीहून रोज फोन करून आईच्या शुगरची आठवण करून द्यायची. शेजारचे धोंडूनाना ऑक्सिजनवर गेले ते परतलेच नाहीत. काका तरीही नाहीच म्हणत.

"लशीन परत तसा झाला तर?" एकदाच ते मोठ्यानं बोलले. "माझी पाठ आता ती रवली नाय, सुभद्रा."

काकी त्यांना घेऊन परळच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी खोटा धीर दिला नाही. लशीनंतर असं क्वचित झालेलं आहे, मी शून्य म्हणणार नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. पण कोरोनानंतरही ते होतं, आणि शुगर बघता मला भीती कोरोनाचीच जास्त वाटते. मी घ्या म्हणेन, पण ठरवायचं तुम्ही. घेतली तर सहा आठवडे लक्ष ठेवायचं. मुंग्या आल्या, ताकद कमी वाटली, की तडक यायचं.

बाहेर पडल्यावर काकी म्हणाल्या, "तुमी रोज शिवडीच्या गोदामात चार माणसांत जातास. घरात बसान मी वाचतलंय असा थोडाच आसा."

त्यांनी लस घेतली.

मग काकांची नजर काकींच्या पायांवरून हलेना. पाण्याला उठल्या की बघत, फळीवरचा डबा काढायला टाचा उचलल्या की बघत. मुंग्या? नाय. पुन्हा तासाभरानं तेच.

तिसऱ्या दिवशी साखरपुड्याची ऑर्डर होती. पहिला वडा एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ पडला आणि तेलात तसाच चपटा राहिला. दुसराही तसाच. काकांनी गॅस बंद केला.

"माझी बोटा दाब."

काकींनी दाबली. उजवा हात नेहमीसारखा, डावा नुसता टेकल्यासारखा. काकांनी मला हाक मारून टॅक्सी बघायला पाठवलं. तिघं परळला निघालो. प्रभादेवीच्या पुलावर टॅक्सी अडकली, तेव्हा काका खाली वाकून काकींचे तळपाय चोळत होते.

डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याखाली छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. त्या आजारातही तो असाच हलला नव्हता, हे काकांना आठवलं.

"घट्ट धरू नका. सैल सोडा, काकू."

दुसऱ्यांदा मारली, तसा पाय असा उडाला की बाईंच्या कोटाला लागला. दुसराही उडाला. मग त्यांनी डावा दंड दाबला आणि काकी कळवळल्या. लस कुठल्या हातात? डाव्या. लस देताना नर्सनं लिहिता कुठल्या हातानं विचारलं, तेव्हा काकींनी उजव्या सांगितलं होतं.

"दंड दुखतोय म्हणून जोर लागत नाही. ताकद गेलेली नाही," बाई म्हणाल्या. लक्ष मात्र ठेवाच, असंही बजावलं.

"दुखता म्हणान सांगूक काय झाला होता?" काकांचा आवाज चढला.

"सांगितला असता, तर दुसरो डोस घेवक दिला असतात?"

काकांनी वाकून त्यांच्या चपला पुढे सरकवल्या.

सहा आठवडे सरले, तरी टाचांवरची नजर हटली नाही. पण दुसऱ्या डोसाला काकाच पुढे चालले. नर्सनं विचारायच्या आधीच ते मागून म्हणाले, "उजव्या हातात द्या. डाव्यान ती वडे थापता."